ऐकणाऱ्यांचा तास

आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मध्यंतरी चांगलीच जुंपली. थोरली वहिनी नाशिकला समुपदेशक आहे. कोविडमध्ये हेल्पलाइन सांभाळणाऱ्यांचं काय झालं हे कुणी विचारलंच नाही, एवढंच ती म्हणाली. त्यावर चुलतभावाचा मेसेज आला : ‘वहिनी, राग मानू नका, पण वॉर्डात पीपीई किट घालून उभे होते ते डॉक्टर आणि नर्सेस. तुम्ही घरी बसून फोनवर बोललात.’ दोन काकांनी लगेच अंगठा दाखवला.

मी इंग्लंडात लेस्टरला एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, हेच काम करते, तेव्हा मी काही तटस्थ नाही.

पण घरी बसून म्हणजे कुठे, ते सांगते. २०२१च्या एप्रिलमध्ये नाशिकला बेड मिळत नव्हते. २१ तारखेला महापालिकेच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनची टाकी गळली, पुरवठा तुटला आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या दिवसांत वहिनी इंदिरानगरच्या बिल्डिंगमध्ये गच्चीच्या जिन्यात, पाण्याच्या टाकीशेजारी बसून फोन घ्यायची. आतल्या खोलीत सासूबाई विलगीकरणात, हॉलमध्ये पोरांची ऑनलाइन शाळा. फोनवर पुन्हा पुन्हा एकच प्रश्न यायचा : ‘आईला दुसऱ्या हॉस्पिटलात हलवलं असतं तर?’ याला उत्तर नसतं. ‘तुमची काही चूक नाही’ असं घाईने म्हटलं, तर समोरचा गप्प होतो आणि फोन ठेवतो. थांबावं लागतं, ऐकत राहावं लागतं. त्याच आठवड्यात वहिनीचा मामा गेला. दवाखान्यातून परस्पर अमरधामला. म्हणजे तो प्रश्न तिलाही छळत होता, आणि दिवसभर लोक तिलाच तो विचारत होते.

एरवी आमच्या धंद्यात समोरच्याचं दुःख त्याचं असतं, आपण काठावर असतो. महामारीने तो काठच नेला.

इथे सगळं छान होतं असं समजू नका. २०२०मध्ये दर गुरुवारी रात्री आठला लोक दारात येऊन टाळ्या वाजवायचे; आपण २२ मार्चला थाळ्या वाजवल्या, तसंच. पुढे इंग्लंडमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आधारासाठी ४० केंद्रं उघडली. मार्च २०२३ला केंद्रीय निधी थांबला आणि त्यातली अनेक बंद पडली. संकट ओसरलं की खास योजनांची गरज कुणाला वाटत नाही, मग देश कुठलाही असो.

टिकली ती एक जुनीच गोष्ट, सुपरव्हिजन. आठवड्यातला एक तास वरिष्ठांसोबत बसायचं, आपल्या केसेसबद्दल आणि त्यांचा आपल्यावर येणारा ताण याबद्दल बोलायचं. तो ड्युटीतच धरलेला असतो, त्या वेळेत रुग्ण लावत नाहीत. लॉकडाऊनमध्ये तो स्क्रीनवर झाला, पण झाला. मी तिथे रडलेही आहे. (वेटिंग लिस्ट वाढली की त्यातला निम्मा वेळ आकडेवारीत जातो, हेही खरं.)

‘आपल्याकडे माणसंच नाहीत, त्यात ही चैन कुठली?’ असं काका म्हणतात. मुद्दा खोटा नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात लाख लोकांमागे एक मानसोपचारतज्ज्ञही भरला नव्हता. राज्याची जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरीला. नाशिकला एकही नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला उपचारांचा हक्क दिला, ऑक्टोबर २०२२मध्ये टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आला, दोन्ही चांगलंच झालं. पण फोन उचलणारं माणूस थकून काम सोडून गेलं तर नंबर काय करणार? माणसं मोजकी आहेत म्हणूनच तो तास आधी हवा.

वहिनीच्या ओळखीतल्या काही जणी शनिवारी कॉलेज रोडला एकीच्या क्लिनिकमध्ये जमतात आणि मुंबईच्या एका वरिष्ठ बाईंना पदरचे पैसे देऊन ऑनलाइन बोलावतात. चुलतभावाने याला किटी पार्टी म्हटलं, ते मला लागलं. हा खर्च त्यांना कामावर ठेवणाऱ्या संस्थांचा आहे.

आता वहिनीने तिच्या संस्थेला पत्र लिहिलंय. दर आठवड्याला एक पगारी तास, एवढीच मागणी. मसुदा वाचायला दिलाय चुलतभावालाच, कारण तो अंबडच्या एका कारखान्यात एचआरला आहे. त्याचा पहिला प्रश्न, हा खर्च कुठल्या हेडखाली दाखवायचा? ‘प्रशिक्षण’खाली टाक, असं मी कळवलंय.