नकोसा पाहुणा न जेवता उठला, तर

समजा, तुमच्या पक्षाचा राष्ट्राध्यक्ष निवडून आलाय. मोठं मन दाखवायचं म्हणून त्यानं समोरच्या पक्षातल्या एकाला मंत्रिपद देऊ केलं. तुम्हाला तो माणूस पहिल्या दिवसापासून नको होता. आणि एके दिवशी त्यानंच कळवलं, की मला तुमचं मंत्रिपद नको. अशा वेळी ‘बरं झालं, ब्याद गेली’ म्हणून चहा टाकणारे लोक असतात. त्यांच्या नादी लागू नका. पक्ष मानणाऱ्या माणसाला अशा वेळी संतापच यायला हवा. तो आपोआप येत नाही, हे मान्य. लोणच्यासारखा मुरवावा लागतो. पण जमतं. मी स्वतः करून बघितलंय.

माझा पहिला प्रयोग २००९ च्या फेब्रुवारीतला. न्यू जर्सीत नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालेलं, पहिलंवहिलं मत डेमोक्रॅटिक पक्षाच्या ओबामांना दिलेलं, आणि त्यामुळे सरकार आपणच चालवतो अशी माझी समजूत. ओबामांना वाणिज्यमंत्री काही केल्या मिळत नव्हता. आधी ठरले न्यू मेक्सिकोचे गव्हर्नर बिल रिचर्डसन. ते ४ जानेवारीला बाजूला झाले, कारण त्यांच्या राज्यात काम मिळालेल्या एका कंपनीची चौकशी चालू होती. मग ३ फेब्रुवारीला नाव जाहीर झालं जड ग्रेग यांचं. न्यू हॅम्पशरचे रिपब्लिकन सिनेटर, त्याआधी तिथलेच गव्हर्नर, वडीलही तिथलेच रिपब्लिकन गव्हर्नर. १२ फेब्रुवारीला ग्रेग म्हणाले, नाही जमायचं. नव्याचे नऊ दिवस ही म्हण इतकी तंतोतंत लागू पडलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. (पुण्याचा माझा मावसभाऊ याला हसतो. त्यानं पहाटे शपथ घेतलेलं सरकार ऐंशी तासांत आटोपलेलं पाहिलंय. त्याला नऊ दिवस म्हणजे अख्खी कारकीर्द वाटते.)

तर संतापाकडे वळू. पहिलं काम, ३ तारखेला आपण काय बोललो ते विसरायचं. मी बोललो होतो ते असं: १९९५ साली ज्या अर्थसंकल्पी ठरावात हे वाणिज्य खातंच गुंडाळायचा बेत होता, त्या ठरावाला या गृहस्थांनी मत दिलं होतं. म्हणजे इमारत पाडा म्हणणाऱ्यालाच आपण सोसायटीचा सेक्रेटरी करतोय. हे मी ऑफिसात बोललो, जेवताना बोललो, भारतात फोन लावून आईलाही बोललो. आई म्हणाली, “थंडी कितपत आहे रे तिकडे?” हे सगळं पुसून टाका. १२ तारखेच्या संध्याकाळपर्यंत तुमच्या डोळ्यांसमोर एक अनुभवी, समंजस, देशाला कधी नव्हे तो लाभणारा वाणिज्यमंत्री उभा राहिला पाहिजे, जो ऐन वेळी उलटला. दगा द्यायला माणूस आधी आपला असावा लागतो. तेव्हा त्याला मागल्या तारखेनं आपला करून घ्या.

शब्दांकडेही लक्ष असू द्या. ज्या ३ तारखेला ग्रेग आत येत होते, त्याच ३ तारखेला आपल्या घरचे टॉम डॅशल आरोग्यमंत्रिपदाच्या दारातून परत फिरले. कुणीतरी वापरायला दिलेली मोटार आणि ड्रायव्हर उत्पन्नात दाखवायचं राहून गेलं होतं; अशा सगळ्या बाबी मिळून व्याजासकट सुमारे १ लाख ४० हजार डॉलर कर मागाहून भरला. आता, डॅशल ‘बाजूला झाले’. जड अंतःकरणानं. ग्रेग ‘पळाले’. यात गल्लत करू नका. आपल्या माणसाच्या हातून कर भरायचा ‘राहतो’; तो समोरचा माणूस ‘बुडवतो’. मी त्या आठवड्यात स्वतःचे कराचे कागद काढून बसलो होतो, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही.

मुहूर्ताचाही फायदा घ्या. १२ फेब्रुवारी २००९ म्हणजे लिंकनच्या जन्माला बरोबर २०० वर्षं. आपण सगळा हिवाळाभर लिंकनचं उदाहरण देत फिरलो होतो: बघा, त्यानंही उमेदवारीसाठी आपल्याशी भांडलेल्यांना मंत्रिमंडळात घेतलं होतं, आमचाही तसाच आहे. (ते भांडलेले लोक लिंकनच्याच पक्षाचे होते, हा बारकावा आपण सोयीनं बाजूला ठेवायचो.) ओबामा त्या दिवशी इलिनॉयला होते, ईस्ट पिओरियात कॅटरपिलरच्या कारखान्यात भाषण, मग स्प्रिंगफील्डला लिंकनचा सोहळा. आणि इकडे वॉशिंग्टनमध्ये ग्रेगनी पाट उधळला. कुणी योगायोग म्हणालं तर त्याच्याकडे नुसतं बघा.

पुढे जो प्रकार झाला तो आपल्या लोकांना समजावून सांगावा लागत नाही. व्हाइट हाउसनं पत्रक काढून सांगितलं, की ग्रेग स्वतःहून आमच्याकडे आले होते. मोडलेल्या सोयरिकीत पहिलं वाक्य हेच असतं, स्थळ त्यांच्याकडून आलं होतं. ग्रेगनी मात्र चूक माझीच, होकारच द्यायला नको होता, असं उघड सांगून टाकलं. हा फार वाईट प्रकार. समोरचा चूक कबूल करायला लागला की भांडणातला जीवच जातो. तेवढं ऐकू आलं नाही असं करा.

त्यांनी कारणं दोन दिली. एक, मंदीतून सावरायला आणलेलं ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज, दुसरं, जनगणना. मतभेद मिटणारे नाहीत म्हणाले. यावर आपण म्हणायचं, हे कळायला नऊ दिवस लागले? रिपब्लिकन आहात हे मागच्या आठवड्यात माहीत नव्हतं? प्रश्न बिनतोड आहे. फक्त तो फार वेळ डोक्यात ठेवू नका, कारण त्याला एक शेपूट आहे: मतभेद होते म्हणूनच तर त्यांना बोलावलं होतं. मतभेद नसलेला माणूस आपल्याच घरात होता की. तिथवर विचार गेला की राग थंड पडतो, म्हणून अलीकडेच थांबा.

राग टिकत नसेल तर लॉटरी काढा. म्हणजे त्यांची. २००५ च्या ऑक्टोबरात या सिनेटरसाहेबांनी वॉशिंग्टनमधल्या एका पेट्रोलपंपावर २० डॉलरची पॉवरबॉलची तिकिटं घेतली आणि ८ लाख ५३ हजार ४९२ डॉलर जिंकले. आधीच श्रीमंत माणूस. याचा वाणिज्यमंत्रिपदाशी काही संबंध नाही, पण रागाला संबंध लागत नाही, आकडा लागतो. मी हा आकडा त्या महिन्यात इतक्या लोकांना ऐकवला की आमच्या धाकटीला तो पाढ्यासारखा पाठ झाला.

सिनेटचं गणित मात्र जपून मांडा, ते अंगावर येतं. शंभरातले आपल्याकडे तेव्हा ५८ सिनेटर होते, मिनेसोटाची जागा कोर्टात अडकलेली, ती आली की ५९, आणि ६० झाले की विरोधकांना अडवणूक करता येत नाही. ग्रेग मंत्री झाले तर त्यांची जागा रिकामी, न्यू हॅम्पशरचे गव्हर्नर जॉन लिंच आपलेच, ते आपलाच माणूस नेमणार, झाले ६०. माझ्या वहीत हे गणित तीन शाईंत आहे. प्रत्यक्षात आधीच ठरलं होतं, की त्या जागी बॉनी न्यूमन येतील. ग्रेग यांच्याच जुन्या मदतनीस, रिपब्लिकनच. म्हणजे त्यांचा एक जाऊन त्यांचीच एक. बरं, नाव चर्चेत असेपर्यंत ग्रेगनी त्या पॅकेजवर मतदान केलं नव्हतं. १० तारखेला ते ६१ विरुद्ध ३७ असं पुढे सरकलं. माघार घेतली आणि दुसऱ्याच दिवशी, १३ तारखेला, अंतिम मतदानात ते विरोधी ३८ मध्ये जाऊन बसले. ६० मतांनी पॅकेज पास झालं, त्यांच्यावाचून काही अडलं नाही. त्यांच्या नऊ दिवसांनी आपलं काय बिघडलं, हे मी बरेच दिवस शोधत होतो.

खरी गंमत जनगणनेची. वाणिज्य खातं म्हणजे तसं अडगळीची खोली: हवामानाचे अंदाज तिथे, पेटंट तिथे, आणि वॉशिंग्टनमधल्या त्यांच्या इमारतीच्या तळघरात तेव्हा चक्क मत्स्यालय होतं. पण दर दहा वर्षांनी हेच खातं माणसं मोजतं, त्या मोजणीवरून प्रतिनिधिगृहाच्या ४३५ जागा राज्यांना वाटल्या जातात, सरकारी पैसाही त्याच आकड्यांवर सरकतो. २०१० ची मोजणी तोंडावर आलेली. ग्रेगनी पूर्वी जनगणनेला जादा पैसे द्यायला विरोध केलेला. त्यामुळे आपल्यातले कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक लोकप्रतिनिधी बिथरले, की हा आमची वस्ती नीट मोजणार नाही. व्हाइट हाउसनं धीर दिला, काळजी नको, जनगणनेचा संचालक आमच्याशी बोलून काम करेल. त्यावर तिकडचे बिथरले, की हे मोजणीच पळवतायत. आम्हाला भीती की तो माणसं कमी मोजेल, त्यांना भीती की आम्ही जास्त मोजू. माणसं तेवढीच.

वर्षभरानं तो फॉर्म आमच्या घरी आला. दहा प्रश्न. आमटीचा डाग पडू नये म्हणून बायकोनं खाली वर्तमानपत्र घातलं, आणि मी लोकशाहीचा श्वास रोखून चौकटीत लिहिलं, चार. वंशाच्या प्रश्नात भारतीयांसाठी वेगळी चौकट होती, तिच्यात फुली मारली. ज्याच्यासाठी दोन पक्ष एकमेकांच्या उरावर बसले होते ते काम हळदीकुंकवाची यादी करण्याहून सोपं होतं. आणि एवढं होऊन ती मोजणी अंदाजपत्रकापेक्षा १.६ अब्ज डॉलर कमी खर्चात उरकली. हे असले तपशील संतापाच्या मुळावर येतात. वाचू नका.

आता सर्वांत अवघड जागा. कुणीतरी तुम्हाला विचारणारच, “पण तुम्हाला तर तो नकोच होता ना?”

मला विचारलं ते तिळगूळ समारंभात. अमेरिकेत शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी संक्रांत असते. त्या वर्षी ती १४ फेब्रुवारीला होती. आमच्या ओळखीत उघडपणे रिपब्लिकन असलेले एकच काका, १९७१ साली आलेले, करांवर बोलायला लागले की ताटातलं गार व्हायचं. मी हातात गुळाची पोळी घेऊन ग्रेग प्रकरण सांगत होतो. नऊ दिवस, लिंकन, लॉटरी, सगळं. काका शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी माझ्या दुसऱ्या हातावर तिळाची वडी ठेवली, गोड बोला म्हणाले, आणि वर म्हणाले, “अरे, तुला नको होता, तो गेला. मग पेढे वाट की. कोकलतोयस कशाला?”

या प्रश्नाला उत्तर देऊ नका. मी दिलं. नको असलेल्याला नको म्हणायचा हक्क आमचा होता, तो त्यानं हिरावून घेतला, असं काहीतरी बोललो आणि बोलताना मूठ वळली. गुळाची पोळी खुसखुशीत असते. अर्धी स्वेटरवर, अर्धी काकांच्या बुटांवर. तूप लोकरीतून निघत नाही, ही माहिती तरी या लेखातून जरूर घ्या.

२५ फेब्रुवारीला गॅरी लॉक यांचं नाव आलं. वॉशिंग्टन राज्याचे माजी गव्हर्नर, आपलेच, स्वच्छ. महिन्याभरात मंत्री झालेही. त्यांच्याविषयी मला आजतागायत एक वाक्य सुचलेलं नाही.

पुढे २०२४ च्या नोव्हेंबरात माझी पुन्हा परीक्षा झाली. या वेळी राष्ट्राध्यक्ष त्यांचा, माणूसही त्यांचाच. ट्रम्पनी १३ तारखेला मॅट गेट्झ यांना अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे न्यायखात्याचे प्रमुख, करायचं ठरवलं, आणि मी सिनेटसमोरच्या सुनावणीसाठी वही उघडून, रजा टाकून, मित्रांना जेवायला बोलावून तयार. २१ तारखेला गेट्झ बाजूला. आठच दिवस; ग्रेग यांचा विक्रम मोडला. त्याच संध्याकाळी पॅम बाँडी यांचं नाव जाहीर. माझी रजा वाया, पाहुणे येणार ते येणारच, आणि पुऱ्या लाटून ठेवलेल्या.

काकांचा फोन आला. ते आता फ्लोरिडात असतात. “आमच्या फ्लोरिडाचा एक गेला, आमच्याच फ्लोरिडाची दुसरी आली,” ते म्हणाले. “तुला आणखी कुणावर चिडायचं असेल तर सांग. राज्य मोठं आहे.”

मी बरं म्हटलं, तब्येतीची चौकशी केली, फोन ठेवला आणि वहीचं कोरं पान काढून वर बाँडी असं लिहिलं.