‘शेम’ ब्ल्यू फिल्म नाही

वरुडकडच्या आमच्या गावच्या ग्रुपवर फिरतंय, की पोट्ट्यांनी संत्र्याच्या बगिच्यात ब्ल्यू फिल्म लावली. मी तिथं होतो, म्हणून सांगतो. आम्ही सहा जणांनी, सगळे पंचविशीपुढचे, स्टीव्ह मॅक्वीनचा २०११ चा ‘शेम’ पाहिला. अमेरिकेत तो फक्त प्रौढांसाठी होता. नग्नता आहे, ते मी लपवत नाही. पण त्यातल्या न्यूयॉर्कच्या ब्रँडनला शरीरसंबंधाचा आवेग आवरतच नाही, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुख कुठंच नाही, शरीरसंबंधातसुद्धा नाही. पाहून आमच्यातला एक विहिरीकडे जाऊन बसला, बराच वेळ बोललाच नाही. ब्रँडन झालेल्या मायकेल फासबेंडरला याच भूमिकेसाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला.

‘अशी बिमारी नसतेच, पोट्टं वाया गेलं की असं होते’ हे ग्रुपवरचं बोलणंही चूक आहे. २०२२ पासून लागू असलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, लैंगिक वागणं आवरता न येण्याचा हा विकार नोंदलेला आहे. व्यसन म्हणून नाही, आवेग न आवरण्याचा विकार म्हणून. नुसती इच्छा जास्त आहे किंवा लोकलाजेनं मन खातं, एवढ्यावर निदान होत नाही.

काकाजी, कोणाला त्रास असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे. मराठीतही बोलतात.