जुन्या गाडीचा वसा

दारात उभी असलेली मारुती ८०० विकायची नाही, असे तुम्ही ठरवले असेल तर प्रथम आपले अभिनंदन. गिऱ्हाईक उरलेले नसताना न विकण्याचा निश्चय करणे याला आपल्याकडे बाणेदारपणा म्हणतात. श्रावणातल्या कहाण्यांत सांगितल्याप्रमाणे उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये. आणि हा वसा तर टाकू म्हटले तरी टाकता येत नाही, कारण उद्यापनाला लागणारा एक ना एक सुटा भाग कुठेच मिळत नसतो.

वसा घेतल्यावर पहिले काम म्हणजे त्याला काटकसर म्हणायला शिकणे. मेहुण्यांनी हप्त्यावर नवी गाडी घेतली की त्यांच्यासमोर हा शब्द दोनदा उच्चारावा. हिशेबाची वही ठेवू नये आणि ठेवायचीच असेल तर तिच्यात नवा भाग केवढ्याला मिळाला असता आणि आपण जुना केवढ्याला आणला, एवढेच दोन आकडे मांडावेत. त्या भागासाठी परभणीहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन येण्याचे एसटीचे भाडे, रजेचा दिवस, दोन वेळचे जेवण, चुकीचा भाग आला म्हणून पुढच्या आठवड्यात घातलेली दुसरी खेप, हे सगळे ‘बाहेरगावचे काम’ या सदरात टाकावे. घरात कुणी विचारलेच तर बाहेरगावी एवढे काय काम असते, हे सांगण्याची जबाबदारी आपली नाही.

दुसरे म्हणजे इतिहास पाठ असावा, कारण रस्त्यात गाडी बंद पडल्यावर जमलेल्या लोकांना सांगायला काहीतरी लागते. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत पहिल्या मालकाच्या हाती या गाडीची किल्ली दिली गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. म्हणजे तीस वर्षे ही गाडी बनत राहिली. तिचे तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन ओम्नीतही बसवलेले असे. यावरून तुम्ही असा निष्कर्ष काढाल की कापलेल्या गाड्यांचा पुरवठा अमाप आहे आणि कोणताही भाग कोणत्याही गाडीला बसतो. तो निष्कर्ष अगदी तसाच धरून ठेवावा. १९८६ मध्ये या गाडीचे अंगच बदलले, त्यामुळे त्याआधीच्या गाडीची काच तुमच्या १९९६ च्या दरवाजात बसणार नाही. पुढे २००० च्या आसपास पेट्रोल आणि हवा मिसळणारा कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे संगणकाच्या हुकमाने इंजिनात पेट्रोल फवारणारी यंत्रणा आली, त्यामुळे नंतरच्या इंजिनाबरोबर त्याची वायर, त्याचे सेन्सर आणि त्याचा संगणकही घरी आणावा लागेल. असल्या बारकाव्यांत शिरल्यास जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जाण्याचा उत्साहच मावळतो. त्या गल्लीत एकच शास्त्र चालते आणि ते एका शब्दाचे आहे: ‘बसतंय.’

बाजारात जाताना इस्त्रीचे कपडे घालू नयेत, नाहीतर भाव चढतो. फार मळकेही घालू नयेत, कारण मग दुकानदार तुम्हाला मेकॅनिक समजून खरे बोलू लागतो, आणि खरे ऐकायला आपण एवढ्या लांब आलेलो नसतो. दरवाजांच्या उतरंडी, ताडपत्रीखाली तेल गाळत बसलेली इंजिने, खिळ्याला टांगलेली स्टिअरिंगची चाके, आणि या सगळ्याच्या मधोमध खुर्ची टाकून बसलेला मालक, असे दृश्य दिसले की आपण योग्य जागी आलो असे समजावे. भाग हातात घेऊन न्याहाळावा, पण तपासू नये. वीज बनवणारा अल्टरनेटर बॅटरीला लावून फिरवून बघता येतो, ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचा दांडा बोटांनी हलवला तर त्याची झीज कळते, कार्ब्युरेटरच्या थ्रॉटलचा दांडा खिळखिळा असेल तर तिथून हवा ओढली जाऊन गाडी उभ्या जागी कधीच सरळ सुरू राहत नाही, हे सगळे दोन मिनिटांत पाहण्यासारखे आहे; परंतु असे पाहणे म्हणजे समोरच्या माणसावर अविश्वास दाखवणे. त्याऐवजी “ओरिजिनल आहे ना?” असे विचारावे. या प्रश्नाला आजवर कुणी नाही म्हटलेले नाही. तो “मायापुरीचा माल आहे” म्हणाला की मान डोलवावी. दिल्लीहून आलेले भंगार आपल्याकडच्या भंगारापेक्षा नेहमीच वरच्या जातीचे असते.

पावती तर मुळीच मागू नये. हा भाग कोणत्या गाडीचा, ती गाडी रीतसर मोडीत निघाली की कुणाच्या दारातून रात्री निघाली, हे विचारल्याने चांगली बोलणी बिघडतात. इंजिन घेतले तरी त्यावरचा क्रमांक, तो आरसी बुकात न जुळणे, त्यासाठी आरटीओची परवानगी आणि नोंद लागणे, या गोष्टी नाक्यावर पोलिसाने बॉनेट उघडायला सांगेपर्यंत मनात आणू नयेत. त्या वेळी त्या आपोआप मनात येतात.

आता आपल्या मराठवाड्याच्या खास परिस्थितीकडे वळू, कारण जुनी गाडी थंड हवेच्या गावी कुणीही चालवील. परभणी-नांदेडच्या मे महिन्यात ती चालवणे यालाच साधना म्हणतात. रेडिएटरमध्ये कूलंट घालावे, असे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले आढळेल. तिच्याकडे लक्ष न देता बोअरचे पाणी घालावे. आपल्या काळ्या बेसाल्टातून आलेल्या त्या पाण्यात घरातली बादली आतून पांढरी करण्याचा गुण असतो, तोच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत दाखवतो. क्षाराचा थर बसतो, नळ्या तुंबतात आणि तापमानाचा काटा वर जाऊ लागतो. काटा वर गेला की उस्ताद, म्हणजे आपला नेहमीचा मेकॅनिक, सर्वप्रथम थर्मोस्टॅट काढून टाकतो. “आपल्याकडं ह्याची गरज न्हाई सायेब, हे थंड मुलखाचं हाय,” असे तो सांगेल आणि तुम्हाला ते पटेल, कारण ऊन तर समोर दिसतेच आहे. वास्तविक इंजिन ठरावीक तापमानाला लवकर पोहोचावे म्हणून तो झडपेचा लहानसा डबा असतो. तो काढला की हिवाळ्याच्या सकाळी गाडी बराच वेळ थंडच धावते, पेट्रोल जास्त पिते आणि चोक ओढूनच शाळेपर्यंत जाते. मूळ दुखणे, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, जागच्या जागी सुखरूप राहते.

पुढची पायरी पंख्याची. पाणी तापले की पंखा आपोआप सुरू करणारा स्विच बिघडतो. तो नवा आणण्याऐवजी उस्ताद पंख्याची वायर थेट डॅशबोर्डवर आणून तिथे घरातल्या ट्यूबलाइटचे असावे तसे एक बटन बसवून देतो. अशी तीन बटने झाली की गाडी वयात आली असे मानावे: एक पंख्याचे, एक हॉर्नचे, आणि एक कशाचे आहे हे कुणालाच आठवत नाही परंतु ते बंद केले की गाडी बंद पडते. पंख्याचे बटन दाबायला तुम्ही एकदा विसरालच. मग इंजिनातले पाणी आणि ऑइल वेगळे ठेवणारी हेड गॅस्केट जाईल, सायलेन्सरमधून पांढरा धूर येईल, इंजिन ऑइलचा रंग दूध घातलेल्या चहासारखा होईल, आणि एका साध्या स्विचवर वाचवलेल्या पैशांतून तुम्हाला अख्खे जुने इंजिन शोधायला पुन्हा त्या गल्लीत जाण्याचे निमित्त मिळेल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरच्या लोकांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हाही रेडिएटरसाठी पाण्याची बाटली डिकीत ठेवणारे आणि तहान लागली तरी तिला हात न लावणारे वसाधारी लोक होते. एवढी निष्ठा हवी.

भर दुपारी आणखी एक चमत्कार घडतो. गेवराईच्या पुढे, सावली नाही अशा जागी, गाडी एकदम दम सोडते. इंजिनाच्या उष्णतेने पेट्रोलच्या नळीत आणि पंपात पेट्रोलची वाफ होते आणि पंप ती ओढू शकत नाही. यावर उपाय म्हणजे पंपावर ओले फडके टाकून पंधरा मिनिटे बाभळीखाली बसणे. फडके घरचेच न्यावे. चांगला टॉवेल वापरल्याचे लपत नाही. त्यात आता नवी गंमत आली आहे. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि आपल्या गाडीच्या रबरी नळ्या व कार्ब्युरेटरमधली पॅकिंगे ज्या काळात बनली त्या काळात इथेनॉल कुणाच्या डोक्यात नव्हते. त्यामुळे ती फुगतात, मऊ पडतात आणि शेवटी चिरतात. आपल्याच भागातले पाणी पिऊन ऊस वाढतो, त्याच्यापासून कारखान्यात इथेनॉल निघते आणि तेच आपल्याच गाडीची नळी कुरतडते, हे पाहून कुणाही शेतकऱ्याच्या मुलाचा ऊर भरून यावा. इथेनॉलला टिकणारी नवी नळी दुकानात मिळते, पण ती नवी असते. आपण कापलेल्या गाडीची काढीव नळी बसवावी. पेट्रोलचा वास येऊ लागला तर काच खाली करावी. तशीही ती वर जात नसते.

ब्रेक आणि टायर यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण या विषयावर लोक उगाच गंभीर होतात. ब्रेकचे पॅड, होज पाइप, फॅनबेल्ट, टायमिंग बेल्ट या वस्तू झिजण्यासाठीच बनवलेल्या असतात आणि कापलेल्या गाडीत त्या आधीच झिजलेल्या असतात, म्हणजे झिजवण्याचे तुमचे कष्ट वाचतात. या वस्तू आजही तालुक्याच्या गावी नव्याकोऱ्या मिळतात, फार महागही नाहीत. परंतु दरवाजाचे हँडल आणि डिकीचे कुलूप जुने घेतो आणि ब्रेक मात्र नवा घेतो, असा भेदभाव व्रतस्थाला शोभत नाही. जुन्या टायरवरची नक्षी पाहावी, त्याच्या कडेवरचे चार आकडे पाहू नयेत. त्यातले पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, म्हणजे २३०९ असे असेल तर तो टायर २००९ च्या तेविसाव्या आठवड्यात जन्मला. वापरला नाही तरी रबर कडक होते आणि भेगाळते, हे कळल्यावर बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना-उतरताना माणसाला निसर्गाचा आनंद घेता येत नाही.

सरकारचे मन जाणून असावे. पंधरा वर्षे झाल्यावर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. मोटारीसाठी त्याचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांवरील गाडीला २०२५ मध्ये ते १०,००० झाले. पर्यावरण कर निराळा. २०२१ च्या नियमांनुसार अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिली तर प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर नव्या गाडीच्या करात सवलतही मिळते. मोहाचे क्षण असेच येतात. त्या वेळी डोळे मिटून गाडीच्या पहिल्या तुळजापूर वारीचे स्मरण करावे.

वसा पाळता पाळता एक दिवस तुम्हाला आपसूकच साक्षात्कार होईल की एकेक भाग आणण्यापेक्षा तोडण्यासाठी एक अख्खी गाडी घेतलेलीच परवडेल. सेलूला एका निवृत्त गुरुजींच्या गोठ्यात ती उभीच असते. ती स्वस्तात मिळते, टोचन करून घरी आणली जाते, आणि उस्ताद सहज म्हणून तिला बॅटरी लावतो, तेव्हा पहिल्या चावीला सुरू होते. मग तिचे भाग काढण्याऐवजी आपल्या गाडीचा चांगला कार्ब्युरेटर आणि त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतले दोन टायर हिला लावावेत, असा विचार पुढे येतो. पंधरा दिवसांत दोन्ही गाड्या एकमेकींचे भाग अंगावर घेऊन अंगणात उभ्या राहतात, दोन्हींची आरसी पुस्तके एकाच पाकिटात जातात आणि दोन्हीपैकी एकही सुरू होत नाही. घरच्यांना स्कूटी बाहेर काढता येत नाही, तुळशीला वळसा घालून जावे लागते. पण वाढदिवसाला दोन गाड्यांचा मालक म्हणून फोटो काढता येतो.

या टप्प्यावर खचून उस्तादाला “आता काय करायचं?” असे विचारू नये, कारण त्याच्याकडे उत्तर तयार असते. तो दोन्ही बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहतो, हात पुसतो आणि म्हणतो, “ह्या दोन्हीपैकी एक तरी चालू करायची म्हणल्यावर अजून एक घ्यावी लागंल सायेब. जिंतूरला पाहून ठेवलीय मी.” आपण वादात पडू नये. रविवारची वेळ ठरवावी आणि टोचनाचा दोर तेवढा नवा घ्यावा. तिथे काटकसर करून चालत नाही.