अठ्ठ्याण्णव दिसलं तर अठ्ठ्याण्णवच लिहायचं

संध्याकाळपासून डोकं तापलंय. इथे लिहून मोकळी होते, नाहीतर घरातल्या कुणावर तरी निघेल.

लेकीचं आठवीचं सायन्सचं जर्नल समोर आहे. प्रयोग : पाण्याचा उत्कलनांक मोजणे. निरीक्षणांच्या तक्त्यात शेवटच्या ओळीत १०० अंश सेल्सिअस लिहिलंय आणि त्याच्याखाली व्हाइटनरचा जाड थर आहे. पान ट्यूबलाइटसमोर धरलं की आतलं ९८ सरळ दिसतं. विचारलं तर म्हणाली, "आई, थर्मामीटर ९८ च्या वर जातच नव्हता. पाणी खळखळ उकळत होतं, आमच्या सगळ्या ग्रुपने बघितलं. पण टीचरने मार्क कापले, वर म्हणाल्या, नियमांचा कागद वाचला नाहीस का?"

मग तो कागद शोधून काढला. जूनमध्ये आला होता, आपण सगळे करतो तशी सही करून परत पाठवला होता, त्याची झेरॉक्स डायरीत चिकटवलेली. वर ठळक अक्षरात 'विज्ञान विषय : अपेक्षा व नियम'. वहीला खाकी कव्हर. लेबल उजव्या कोपऱ्यात. आकृत्या पेन्सिलीने, नावं उजव्या बाजूला एका रेषेत. समास लाल पेनने आखू नये. जर्नल उशिरा दिल्यास रोज एक मार्क वजा. प्रयोगशाळेत रांगेत यावे, न विचारता कशालाही हात लावू नये. आणि खालून दुसरा नियम : 'निरीक्षणे फळ्यावर दिल्याप्रमाणेच लिहावीत.'

फळ्यावर दिल्याप्रमाणे! मग स्पिरिटचा दिवा पेटवला कशाला? फळा पुसायच्या आत उतरवून घ्यायचं आणि घरी जायचं. अख्ख्या कागदात 'प्रश्न विचारा' असं एक वाक्य नाही. 'का' हा शब्दच नाही त्यात. कव्हरच्या रंगावर दोन ओळी आहेत.

मला माझे सर आठवले. लालबागची महापालिकेची शाळा, सातवीचा वर्ग. प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, त्याची किल्ली हेडसरांकडे. सरांनी आम्हाला सुतळी आणि नटबोल्ट दिले, एक मीटर सुतळी मोजायला लावली आणि खिडकीच्या गजांना लंबक टांगले. स्टॉपवॉच कुठला, सरांचं मनगटी घड्याळ टेबलावर. वीस झोके मोजायचे आणि सेकंद सांगायचे. कुणाचे ४०, कुणाचे ४१, कुणाचे ३९. मागच्या बाकावरच्या पोरांचे आले ३६. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी ३६ सुद्धा फळ्यावर लिहिलं, बाकीच्यांच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

हे मी विसरूच शकत नाही. तेवढ्याच मोठ्या अक्षरात.

मी औषध कंपनीच्या क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, हे तुमच्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. आमच्याकडे व्हाइटनर नावाची वस्तू लॅबच्या दारातून आत येऊ शकत नाही. आकडा चुकला तर त्याच्यावर एकच रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी सही, तारीख आणि कारण. रीडिंग मर्यादेबाहेर आलं तर ते लपवायचं नाही, त्याची चौकशी लावायची. अपेक्षित आकडा लिहून मोकळं होणाऱ्याची नोकरी जाते, आणि गेलीच पाहिजे, कारण ती गोळी कुणीतरी पोटात घेणार असतं. आणि इथे माझ्या तेरा वर्षांच्या मुलीला शाळा शिकवते की खरं रीडिंग पुसून अपेक्षित आकडा लिही, त्याचे मार्क मिळतात. आम्ही नवीन मुलं घेतो तेव्हा पहिले काही महिने हीच सवय मोडण्यात जातात. बी.एससी., एम.एससी. झालेली मुलं, आणि आधी उत्तर विचारतात, मग वजन करतात. ही सवय कुठून येते ते आज व्हाइटनरखाली बघितलं.

आता ९८ चं म्हणाल तर ते ९८ का आलं हाच खरा धडा होता. शाळेतला थर्मामीटर एखादा अंश इकडेतिकडे दाखवतोच. दांडीचा बराच भाग पाण्याबाहेर राहिला तर पारा थोडा कमी चढतो. पावसाळ्यात मुंबईवर हवेचा दाब उतरलेला असतो, त्याने उत्कलनांक पाव-अर्धा अंश खाली येतो. आणि हेच पाणी लोणावळ्याला, सहाशे-सव्वासहाशे मीटर उंचीवर, जिथे हवेचा दाब आणखी कमी असतो, उकळलं असतं तर चांगल्यातल्या चांगल्या थर्मामीटरनेही ९८ च्या आसपासच दाखवलं असतं. महाबळेश्वरला आणखी खाली. १०० हा आकडा एका ठरावीक दाबाचा आहे, देवाने दगडावर कोरलेला नाही. या एका ९८ वर अख्खा तास झाला असता. दुसऱ्या ग्रुपचं किती आलं? थर्मामीटर बदलून बघूया का? वितळत्या बर्फात घालून तो शून्य दाखवतो का ते बघूया का? याला लागतो कॅन्टीनमधला वाडगाभर बर्फ.

सरांनी हेच केलं होतं. ३६ वाल्या पोरांना त्यांनी सुतळी सोडायला लावली आणि पुन्हा मोजायला लावली. मीटरभरच होती. मग परत बांधायला सांगितली, तेव्हा दिसलं की ती पोरं गजाला वेढ्यावर वेढे देत होती, त्यात वीतभर सुतळी खाल्ली जात होती. लंबक आखूड झाला, झोका लवकर पडला. सर म्हणाले, "म्हणजे यांचं ३६ बरोबरच आहे. फक्त त्यांचा लंबक तुमच्यापेक्षा वेगळा आहे." त्या दिवशी दोलनकाल, म्हणजे एका झोक्याला लागणारा वेळ, लांबीवर अवलंबून असतो हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, ते त्या पोरांनी शिकवलं.

ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचंही असंच झालं होतं. हवेतून काढलेला नायट्रोजन आणि अमोनियापासून केलेला नायट्रोजन, एकाच आकारमानाचे, पण वजनात फरक पडत होता. लिटरला १.२५७ ग्रॅम आणि १.२५१ ग्रॅम. फरक तिसऱ्या दशांशस्थळात. तो फरक त्यांनी पुसला नाही. त्याचा माग काढत रॅले आणि रसायनशास्त्रज्ञ रॅमसे यांना १८९४ मध्ये अरगॉन सापडला. आपण श्वासात घेतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का असलेला वायू, तोवर कुणी ओळखलाच नव्हता. १९०४ ची दोन नोबेलं त्यावर मिळाली, एकाला भौतिकीचं, एकाला रसायनाचं. आपल्या शाळेत असते तर मार्क गेले असते.

बरं, मला कळतं की वर्गात साठ मुलं आहेत, तास पस्तीस मिनिटांचा आहे, आणि त्याच टीचरना निवडणुकीच्या आणि सर्वेक्षणाच्या कामालाही जुंपतात. साठ जर्नलं घरी नेऊन तपासायची तर फळ्यावरचा एकच आकडा सगळ्यांत असणं सोयीचं पडतं. लेकीच्या टीचरचा मला राग नाही. मुलीच म्हणतात की त्या प्रेमळ आहेत, डबा विसरला तर आपला देतात. त्यांच्या हातात हा कागद कुणीतरी वरून दिलाय.

रांगेत या, हात लावू नका, हेही मी समजू शकते. स्पिरिटचा दिवा आहे, काच आहे, आम्ल आहे. केस बांधा, चव घेऊन बघू नका, तुटलेलं ताबडतोब सांगा, हे नियम हवेतच, उलट त्या कागदावर ते पुरेसे नाहीत. हस्ताक्षरही नीट हवं. मान्य.

पण तो खालून दुसरा नियम मान्य नाही. अजिबात नाही. बालभारतीच्या पुस्तकात जागोजागी 'करून पहा' छापलंय, आणि आपण मुलांना करून पाहिल्यावर खोटं लिहायला लावतो. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, फाटकावर रामन यांचा फोटो लावतो, भाषणं होतात. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेच्या क्लासला आपण पालक पोरांना नेऊन सोडतो, प्रॅक्टिकलच्या फेरीची वेगळी तयारी करून घेतो. आणि शाळेतल्या रोजच्या प्रॅक्टिकलला काय चाललंय ते कुणी उघडून बघत नाही. नेहरू सायन्स सेंटरला सहल गेली की मुलं प्रत्येक यंत्राला हात लावून येतात, दुसऱ्या दिवशी वर्गात पुन्हा हाताची घडी.

लेक आत झोपलीय. झोपायच्या आधी तिने विचारलं, "मग पुढच्या वेळी काय लिहू?" मी म्हटलं, जे दिसेल ते लिही, शेजारी लिही की पुस्तकात १०० आहे, आणि फरक का पडला असेल तेही लिही. मार्क गेले तर जाऊ देत. ती म्हणाली, "तुला जाऊ देत, मला नाही जाऊ द्यायचे." तिचंही बरोबर आहे. तिची लढाई तिने एकटीने का लढायची?

म्हणून शनिवारी ओपन हाउसला मी जर्नल आणि तो कागद दोन्ही घेऊन जाणार आहे. भांडायला नाही. तो एक नियम काढा आणि त्या जागी लिहा : 'जे दिसले तेच लिहावे, वेगळे आले तर कारण शोधावे, त्याचे मार्क मिळतील.' एवढंच मागणार आहे. बर्फ आणि दुसरा थर्मामीटर माझ्याकडून, पाहिजे तर सुट्टी टाकून तासाला मदतीलाही येईन. आपल्या शाळेतल्या आठवीच्या पालकांपैकी कोण येतंय सोबत? सकाळी साडेनऊला फाटकाशी भेटू. आणि बाकीच्यांनी आज रात्री आपापल्या पोरांची जर्नलं उजेडात धरून बघा, कुठे काय पुसलेलं दिसतंय ते मला खाली लिहून कळवा.