पाच मळे, एकच सातबारा

रावेर तालुक्यात माझ्या मामांचे केळीचे पाच मळे आहेत, आणि त्यांच्या कापणीचा आठवड्याचा हिशेब पायथन या संगणकाच्या भाषेत बसवून देण्याचा शब्द मी शेवभाजीच्या दुसऱ्या वाढणीनंतर, म्हणजे माणसाचा विवेक झोपेला आलेला असतो अशा वेळी, देऊन बसलो. सात दिवसांची सात शून्ये एका यादीत मांडली, त्या यादीला पाचने गुणले आणि एका ओळीत तक्ता उभा राहिला म्हणून स्वतःवरच खूश झालो.

गुरुवारी विहिरीजवळच्या मळ्यापुढे ४२ क्विंटल लिहिले, तर पाचही मळ्यांपुढे ४२ उमटले आणि बेरीज २१० झाली.

"काबरे भो, नाल्याकाठची बाग तर आत्ता कुठे निसवते आहे. तिथून काय पानं कापली?" मामांनी विचारले. मी आधी लॅपटॉपला, मग विजेला आणि शेवटी मे महिन्याच्या उन्हाला दोष दिला.

खरा प्रकार रात्री उलगडला. यादीला गुणले म्हणून पायथन आतल्या यादीच्या पाच प्रती काढत नाही. तो त्याच एका यादीचे संदर्भ, म्हणजे तिच्याकडे बोट दाखवणाऱ्या खुणा, पाच ठिकाणी ठेवतो. 'आयडी', म्हणजे पायथनमधला ओळख क्रमांक, विचारल्यावर पाचही मळ्यांनी एकच क्रमांक सांगितला. म्हणजे नावे पाच आणि सातबारा एक. आतली सात शून्येही गुणूनच आली होती, परंतु संख्या स्वतः कधी बदलत नाही, तिच्या घरात दुसरी संख्या येऊन बसते, त्यामुळे तिथे तंटा झाला नाही. यादी मात्र जागच्या जागी बदलते आणि तो बदल तिच्या सगळ्या हिस्सेदारांना दिसतो.

मग पाच याद्या वेगवेगळ्या केल्या. आठवडा संपल्यावर तक्त्याची 'कॉपी' जपून ठेवली आणि मूळ तक्त्यातील घरे एकेक करून शून्य केली, तर जपून ठेवलेला आठवडाही कोरा! ही प्रत उथळ असते, हे मला तेव्हा कळले: फाइलीचा पुठ्ठा नवा, आतले सातबारे जुनेच. अखेर आतल्या याद्यांच्याही प्रती काढणारी 'डीपकॉपी' वापरली, तेव्हा कुठे रीतसर वाटणी झाली.

हे सारे मामांनी शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, की व्यापारी पैसे मोजायला येईल त्या दिवसापुरता तो पहिला तक्ता परत लावता येईल का.