‘लोकसंख्या सारखी, मग तक्रार कसली?’

मतदारसंघ पुनर्रचनेचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘सीमा आखणं हे निव्वळ गणित आहे. मतदार तेच, लोकसंख्या सगळीकडे सारखी, सीमा ठरवणारा आयोग निःपक्ष. रेघ कुठेही मारा, फरक काय पडतो?’

मतदार तेच? बरं. सारख्या वस्तीच्या नऊ वाड्या घ्या. पाच एका पक्षाच्या, चार दुसऱ्याच्या. तीन-तीन वाड्यांचे तीन मतदारसंघ करायचेत. पाचवाल्यांच्या तीन वाड्या एकाच मतदारसंघात कोंबा, उरलेल्या दोन वेगवेगळ्या टाका. चारवाले दोन जागा घेऊन जातात! एक मत इकडचं तिकडे न होता.

आता लोकसंख्या सारखी म्हणतात ती. ती सारखी होती 2001 च्या जनगणनेत, आणि मतदान आपण 2024 लाही त्याच नकाशावर केलं. तोवर चिंचवड आणि पनवेलचे मतदार सहा सहा लाखांच्या वर गेले होते. कर्जतचे त्याच्या निम्मे. गंमत म्हणजे हे तिन्ही एकाच मावळ लोकसभेत आहेत. घाटावर पिंपरी, चिंचवड, मावळ. घाटाखाली पनवेल, कर्जत, उरण. उरणमधल्या करंज्याच्या कोळ्याला बंदरातला गाळ काढून हवाय, चिंचवडच्या सोसायटीला टँकरपासून सुटका हवीय, खासदार मात्र दोघांत एक. उरणच्या गाऱ्हाण्याला तिथे वजन किती, हा हिशेब त्या मजकुरात नसतो.

कोकणाचं दुखणं वेगळं. 2008 च्या पुनर्रचना आदेशाने रत्नागिरी जिल्ह्यातल्या विधानसभेच्या जागा सातावरून पाचवर आल्या. खेड आणि संगमेश्वर हे मतदारसंघच गेले. मधु दंडवते ज्या राजापुरातून पाच वेळा लोकसभेवर गेले, तोही उरला नाही. ठाणे जिल्हा मात्र 13 वरून 24 वर. डोकी मोजायची तर हे बरोबरच आहे, माझी त्याला हरकत नाही. (चाकरमानी गणपतीला गावात आणि जनगणनेत डोंबिवलीला, त्याला आयोग काय करणार?) पण मग ‘फरक काय पडतो’ हे खेडमध्ये जाऊन विचारा.

आयोग निःपक्ष, हे बऱ्याच अंशी मान्य. अमेरिकेत अनेक राज्यांत आमदारच नकाशा काढतात. आपल्याकडे आमदार-खासदार सहयोगी सदस्य असतात, त्यांना मताधिकार नसतो. पण 2002 चा पुनर्रचनेचा कायदाच आयोगाला सलग भूभाग, डोंगर-नद्या, तालुक्यांच्या हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय बघायला सांगतो. म्हणजे निव्वळ गणित नव्हेच. अंतिम आदेश सभागृहापुढे नुसता ठेवला जातो, तिथे त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. उघड मनमानी असेल तर आपण दखल घेऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटलंय. दार किलकिलं आहे एवढंच. काय भांडायचं ते मसुदा जाहीर होतो तेव्हा, हरकतींच्या मुदतीत.