ग्राइंडर नको आणि सगळीकडे एसएस तर नकोच (एका कमेंटला उत्तर)

कमेंटबद्दल थँक्स, उत्तर जरा लांबणार आहे. तुमचं म्हणणं असं की बाईकच्या पुढच्या ब्रेक ऑइलच्या डबीचे दोन गंजलेले स्क्रू काढायला मी उगाच पाल्हाळ लावलं, डब्ल्यूडी-४० चा फवारा मारायचा, नाही निघाला तर ग्राइंडरने हेडवर खाच पाडून काढायचा आणि मग गाडीला सगळीकडे एसएसचे (स्टेनलेस स्टीलचे) बोल्ट टाकून मोकळं व्हायचं.

डब्ल्यूडी-४० मी पण वापरतो, पण ते १९५३ साली बनलं ते पाणी हटवून गंज रोखायला, जाम आटे सोडवायला नाही. आणि तेही सोडा, ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात, म्हणून त्या डबीवर फवारा मारूच नका, पेनिट्रेटिंग ऑइलचा (आट्यांत झिरपणाऱ्या पातळ तेलाचा) एक थेंब काडीने हेडच्या कडेला सोडा, रात्रभर ठेवा आणि झाकण उघडायच्या आधी सगळं स्वच्छ पुसून घ्या.

ग्राइंडर गेटच्या बिजागरीला खुशाल मारा. इथे स्क्रूचं हेड झाकणात बुडालेलं असतं, चार इंची डिस्क लावली की हेडच्या आधी झाकण कापलं जाणार आणि वरून लोखंडाचा कीस उडणार तो कुठे, तर ब्रेक ऑइलच्या तोंडाशी!

खरी गोम बिटमध्ये (स्क्रू ड्रायव्हरच्या टोकात) आहे आणि तुम्ही नेमकं तेच वगळलंत. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवर, जपानी वळणाच्या तर नक्कीच, जे स्टार स्क्रू (अधिकच्या खुणेसारखी खाच असलेले) येतात ते साधे फिलिप्स नसतात, जेआयएस म्हणजे जपानी मापाचे असतात, हेडवर बारीक ठिपका दिसला तर समजा तोच. त्यात फिलिप्सचं टोक तळापर्यंत बसतच नाही, जोर लावला की वर सरकतं आणि कोपरे खाऊन टाकतं, मग आपण म्हणतो गंजामुळे हेड गेलं. जेआयएस बिट घ्या (व्हेसल वगैरे कंपन्यांचे मिळतात), स्क्रूवर सरळ उभा धरा, मागून हातोडीने चार-पाच हलके ठोके द्या, हेडच्या उताराखाली जमलेला पांढरा भुगा तडकतो, मग खाली दाबून फिरवा, दाब जास्त आणि पीळ कमी. तरी हलला नाही तर गरम सोल्डरिंग आयर्न हेडवर थोडा वेळ टेकवा. गॅसचा टॉर्च नको, आजूबाजूला रबर, प्लॅस्टिक आणि ऑइल आहे.

आता एसएस. डबीच्या झाकणाला टाका की, कोण नाही म्हणतंय, फक्त बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आहे, खारी हवा आणि पाऊस मिळाला की दोन धातूंमध्ये अ‍ॅल्युमिनियमच खाल्लं जातं आणि स्क्रू परत जाम, म्हणून आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावायचं, ते पण किंचित. अ‍ॅलन हेडचा (षटकोनी खाचेचा) मोह होतो पण बुडत्या हेडच्या एम४ ला (४ मिमी आट्यांच्या स्क्रूला) पाना २.५ मिमीचाच बसतो, उंच दंडगोल हेडच्या एम४ ला ३ लागतो, त्यामुळे तो अजूनच लवकर घासतो. त्यापेक्षा टॉर्क्स (सहा टोकांच्या खाचेचा), नाहीतर सरळ कंपनीचा नवा स्क्रू.

पण "सगळीकडे" म्हणालात तिथे मी थांबवतोच. बाजारात सर्रास मिळणारा एसएस बोल्ट ए२-७० ग्रेडचा, म्हणजे ७०० एमपीए (मेगापास्कल) ताकद, आणि ४५० च्या आसपासच तो कायमचा ताणला जायला लागतो. साधा काळा ८.८ ग्रेडचा स्टीलचा बोल्ट ८०० चा आणि ६४० पर्यंत टिकतो, १०.९ त्याच्याही वर. म्हणजे चकाचक दिसतो तो जास्त मजबूत असं अजिबात नाही. साइड पॅनलला, नंबर प्लेटला, आरशाला बिनधास्त लावा, पण कॅलिपर (डिस्कला ब्रेक पॅड दाबणारा भाग), डिस्क आणि हँडल क्लॅम्पला नाही. (चुंबक चिकटला म्हणजे एसएस नकली, हेही तुम्ही लिहिलंय. थंड अवस्थेत दाबून घडवलेला ३०४ थोडाफार चिकटतोच, त्यावरून दुकानदाराशी भांडू नका.)

तुम्ही कॅलिपरला पण एसएस टाकलेत असं कमेंटच्या शेवटी आहे. ते आधी बदला, बाकीचं नंतर बघू. जुने बोल्ट ठेवले असतील तर हेडवर कोणता आकडा आहे तो इथे टाका, त्याच ग्रेडचे आणि त्याच लांबीचे घ्यायचे.